पालघर जिल्ह्यातल्या महिला सरपंचांना खुलं पत्र: गोदूताईंना हार घालाच, पण त्याआधी ग्रामसभेत एक ठराव घ्या

प्रति,
पालघर जिल्ह्यातल्या सर्व महिला सरपंच, उपसरपंच आणि ग्रामपंचायत सदस्य भगिनींना,

सप्रेम जोहार.

ऑक्टोबरचे पहिले दहा दिवस आपल्याकडे धावपळीचे असतात. २ तारखेला ग्रामसभा. ८ तारखेला गोदावरी परुळेकरांचा, म्हणजे वारली आदिवासींच्या वेठीविरुद्धच्या लढ्यात उभ्या राहिलेल्या आपल्या गोदूताईंचा स्मृतिदिन. १० तारखेला, १९४५ च्या त्या लढ्यात गोळीबारात गेलेल्यांचा हुतात्मा दिन. त्या दिवशी तलासरी-डहाणूत लाल बावटे निघतात आणि जेठ्या गांगड यांचं नाव घेतलं जातं. शेतात भात कापणीला आलेलं असतं. आणि याच दिवसांत वीटभट्ट्यांचे मुकादम पाड्यापाड्यांवर उचल, म्हणजे कामाआधीच आगाऊ पैसे, वाटत फिरू लागतात.

ग्रामसभा, स्मृतिदिन, हुतात्मा दिन आणि मुकादमाची फेरी हे सगळं एकाच आठवड्याच्या आगेमागे येतं, पण त्यांचा एकमेकांशी संबंध आपण लावत नाही. तो लावण्याचा अधिकार आज कायद्याने तुमच्याकडे आहे. म्हणून हे पत्र तुम्हाला.

मी कुठल्याही पक्षाची सभासद नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की वर्गातली काही मुलं दिसायची नाहीत. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे रेघा पडत जायच्या. चौकशी केली की शेजारची मुलं सांगायची, "भट्टीवर गेली." ती मुलं पाऊस तोंडावर आला की परत यायची, उन्हाने करपलेली, आणि शिकलेली बाराखडी बरीचशी विसरून. त्यांच्या आईबापांना रागवावं असं सुरुवातीला वाटायचं. मग एकेका घरी गेले, बसले, ऐकलं, तेव्हा कळलं की भाऊबंदात लग्न झालं होतं, कुणी आजारी पडलं होतं, पैसे लागले होते आणि मुकादमाने ते दिले होते. आता ते फेडायला सगळं घर भट्टीवर उतरलं होतं.

नेमकं हेच, याहून कितीतरी क्रूर रूपात, गोदूताईंनी १९४५ साली पाहिलं होतं.

तेव्हा या भागात लग्नगडी नावाची पद्धत होती. वारल्याचा मुलगा लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घ्यायचा आणि त्या बदल्यात आयुष्यभर त्याच्या घरी राबायचा. एकटा नव्हे, ज्या मुलीशी लग्न झालं ती नवी नवरीसुद्धा त्याच दिवसापासून सावकाराची गुलाम. कर्ज फिटत नसे, कारण हिशेब लिहिणारा सावकार आणि वाचणाराही तोच. वेठ वेगळीच. सावकाराच्या शेतावर, त्याच्या घरी, जंगलखात्याच्या अंमलदाराकडे फुकट राबायचं. नाही म्हणणाऱ्याला झाडाला बांधून मारायचं. बायकांच्या वाट्याला काय यायचं ते तुमच्या आज्यांनी तुम्हाला सांगितलं असेल, किंवा सांगणं टाळलं असेल.

अशा ठिकाणी ही बाई आली कुठून? पुण्यातून. १९०७ साली गोखल्यांच्या घरात जन्म. वडील नावाजलेले वकील, नेमस्त विचारांचे. मुलगी फर्ग्युसन कॉलेजात शिकली, पुढे कायद्याची पदवी घेतली. आपल्याकडे ही पदवी घेणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांत तिची गणना होते. १९३२ च्या सत्याग्रहात ती तुरुंगात गेली. घरच्यांना ते रुचलं नाही, तेव्हा घर सोडून ती मुंबईला आली. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी काढलेल्या सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीची ती पहिली स्त्री सभासद. प्रौढ साक्षरतेचं काम केलं. १९३८ साली मुंबईतल्या घरकामगारांची संघटना बांधली. भांडी घासणाऱ्या, धुणी धुणाऱ्या माणसांनाही कामगार म्हणायचं असतं, हे त्या काळी कुणाच्या मनातही येत नव्हतं. आपल्या राज्यात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला २००८ साली. मधली सत्तर वर्षं मोजा.

१९३९ साली शामराव परुळेकरांशी लग्न झालं आणि दोघं कम्युनिस्ट पक्षात गेली. लगेचच युद्धविरोधी प्रचारासाठी तुरुंगवास. सुटून आल्यावर किसान सभेचं, म्हणजे शेतकऱ्यांच्या संघटनेचं काम. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला महाराष्ट्रातल्या किसान सभेची परिषद भरली. तिथे तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातून मूठभर वारली आले होते. त्यांनी आपली हकीकत सांगितली आणि गोदूताई इकडे आल्या.

आल्या त्या भाषण करायला नाही. या जंगलपट्टीत त्या पाड्यापाड्यावरून चालत फिरल्या. पांढरे कपडे घातलेलं माणूस दिसलं की तो सावकार, पोलीस नाहीतर जंगलखात्याचा, एवढाच अनुभव असलेल्या लोकांच्या झोपडीत त्या राहिल्या. जे शिजेल ते खाल्लं, कुडाच्या खोपटात जमिनीवर झोपल्या, आणि रात्र रात्र लोकांचं ऐकलं. हे ऐकणं मला त्यांच्या सगळ्या आयुष्यातलं सर्वांत मोठं काम वाटतं. कायदा शिकलेली बाई, कलमं तोंडपाठ. आल्या आल्या उपदेश करणं तिला सहज जमलं असतं. तिने आधी विचारलं की तुमचं काय चाललंय, आणि मग उत्तर यायची वाट पाहिली. ज्या माणसाला आयुष्यात कुणी काही विचारलंच नाही, त्याच्या तोंडून उत्तर यायला किती वेळ लागतो हे आपल्यापैकी ज्यांनी महिला सभा घेतल्यात त्यांना ठाऊक आहे.

मग २३ मे १९४५ ला झरीला सभा झाली. झरी आजही आहे, तलासरी तालुक्यात. भर मे महिन्यात, रखरखत्या उन्हात, डोंगरातून चालत पाचेक हजार वारली जमले. सावकारांच्या माणसांची दहशत होती तरी आले. तिथे ठरलं ते अगदी मोजकं. वेठ करायची नाही. दिवसाला बारा आणे रोख मिळाल्याशिवाय सावकाराच्या शेतावर पाय ठेवायचा नाही. मार खाऊन घ्यायचा नाही. आणि एकी सोडायची नाही. यातलं कुठलंही वाक्य लहान मुलालाही पाठ होईल असं होतं, आणि ते पाठ झालंच. लोक परत गेले ते पाड्यापाड्यावर हाच निरोप घेऊन. पिढ्यानपिढ्या चाललेली वेठ त्यानंतर थोड्याच आठवड्यांत मोडून पडली आणि लग्नगडी सावकारांच्या घरातून बाहेर पडले. हे सरकारने केलं नव्हतं, कोर्टानेही नाही.

पावसाळा संपला आणि गवतकापणी आली. आजच्या मुलींना कदाचित माहीत नसेल, पण या भागातलं गवत हा तेव्हा मोठा धंदा होता; मुंबईच्या तबेल्यांना ते जायचं. कापणारे वारली, कमावणारे जमीनदार आणि व्यापारी. लाल बावट्याने, म्हणजे किसान सभेने, मागणी केली: पाचशे पौंड गवत कापल्याबद्दल अडीच रुपये. पाचशे पौंड म्हणजे सव्वादोनशे किलोच्या वर. विळ्याने गवत कापून पाहिलेल्या बाईला हे वजन समजावून सांगायला नको. पहाटे दवात उतरायचं, कमरेत वाकायचं, हाताला पातींचे चिरे पडायचे, मग भारे बांधायचे, वाहायचे, वजन करून घ्यायचं, आणि काट्यावर उभा असायचा तोच माणूस जो पैसे देणार. संप झाला. कुणीही विळा उचलला नाही. उभं गवत वाळायला लागलं.

मग १० ऑक्टोबर उजाडला. गोदूताईंच्या जिवाला धोका आहे, त्यांना वाचवायला जमा व्हा, अशी अफवा जमीनदारांच्या माणसांनी पसरवली. दुसरीकडे पोलिसांना सांगितलं की आदिवासी दंगा करायला जमतायत. तलवाड्याला हजारो लोक गोळा झाले, लाल बावट्याभोवती बसले. गोदूताई तिथे नव्हत्या. पोलिसांनी गोळीबार केला. लोक बावटा सोडून हलेनात. पाच जण ठार झाले, त्यांत जेठ्या गांगड. एका बाईचा जीव धोक्यात आहे असं ऐकून रात्रीच्या काळोखात जंगलातून चालत आलेली ही माणसं होती. ती बाई त्यांच्या जातीची नव्हती, त्यांच्या बोलीची नव्हती, आणि तिला त्यांच्यात येऊन अजून वर्षही झालं नव्हतं.

संप मात्र मोडला नाही. अडीच रुपये दर जमीनदारांना मान्य करावा लागला. पुढल्या वर्षी जंगलकामगारांचा संप झाला, तोही जिंकला. तेव्हा सरकारने परुळेकर दांपत्याला जिल्ह्यातून तडीपार केलं.

पुढचं सगळं सांगत बसत नाही. १९५७ मध्ये शामराव ठाण्यातून संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेत लोकसभेवर गेले. ३ ऑगस्ट १९६५ ला ते तुरुंगात असतानाच वारले; गोदूताईही तेव्हा स्थानबद्धच होत्या. अठ्ठावन्नाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, मूलबाळ नाही, नवरा गेलेला, पक्ष फुटलेला. पुण्याला परत जाऊन शांतपणे राहिल्या असत्या तर कुणी नाव ठेवलं नसतं. त्या पुन्हा इथेच आल्या आणि पुढची तीन दशकं काम करत राहिल्या. १९८६ साली अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या; त्या पदावरच्या त्या पहिल्या स्त्री. वारल्यांच्या लढ्यावर त्यांनी लिहिलेल्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकाला १९७२ चं साहित्य अकादमी पारितोषिक मिळालं. आपल्या ग्रामपंचायतीच्या वाचनालयात ते नसेल तर मागवून घ्या, हे जाता जाता सांगते.

आता त्यांच्या कीर्तीबद्दल बोलते, कारण मला तिथेच अडखळायला होतं.

गोदूताईंचं नाव टिकलं आहे यात शंका नाही. तलासरीचं कॉलेज त्यांच्या नावाने आहे. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायकांनी सुमारे दहा हजार घरांची वसाहत उभी केली, तिला गोदूताईंचं नाव दिलं. तलासरी कधीच न पाहिलेल्या, तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली घरांतल्या बायका 'गोदूताई' हा आपला पत्ता म्हणून सांगतात, हे ऐकून मला फार बरं वाटतं. २०१८ च्या मार्च महिन्यात नाशिकहून मुंबईला चालत गेलेल्या लाँग मार्चमध्ये आपल्या जिल्ह्यातल्या किती बायका होत्या ते तुम्हीच जाणता. त्यांची मुख्य मागणी वनहक्काची होती. दहावीच्या पोरांची परीक्षा चुकू नये म्हणून शेवटच्या रात्री झोप न घेता त्या आझाद मैदानापर्यंत चालल्या. गोदूताईंच्या माणसांना हेच शोभतं.

आणि तरीही पाड्यावरच्या जुन्या बायका त्यांना 'गोदाराणी' म्हणतात तेव्हा माझ्या मनात काहीतरी हलतं. ते प्रेम खरं आहे, त्याला मी बोट लावणार नाही. पण राणी म्हटलं की आपण प्रजा होतो. राणी येऊन गेली, तिने आपल्याला सोडवलं, आता तिच्या फोटोला हार घालायचा. त्यांनी केलं ते याच्या अगदी उलट. झरीला ठरवलं ते वारल्यांनी. सावकाराच्या दारात जाऊन 'नाही' म्हटलं ते वारल्यांनी. तलवाड्याला उभे राहिले ते वारली. गोदूताई नसतानाही हे घडू शकलं, हेच त्यांचं खरं यश.

आता तुमच्याकडे येते.

गोदूताई ८ ऑक्टोबर १९९६ ला गेल्या. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, म्हणजे अडीच महिन्यांनी, देशात आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा झाला. त्यांना तो पाहायला मिळाला नाही याचं मला दुःख होतं. कारण त्यांच्याकडे जे काहीच नव्हतं ते सगळं त्या कायद्यात आहे. आपल्या जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू, तलासरी तालुक्यांना तो लागू आहे, बाकी तालुक्यांतल्याही बऱ्याच गावांना. राज्याचे नियम २०१४ मध्ये आले. पाड्याची वेगळी ग्रामसभा होऊ शकते. आदिवासींना होणाऱ्या सावकारीवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार ग्रामसभा आणि पंचायतीला आहे. पुन्हा वाचा: सावकारीवर. १९४५ साली ज्या एका गोष्टीसाठी माणसं मेली, ती आज तुमच्या सहीने विषयपत्रिकेवर येऊ शकते. त्याशिवाय १९७६ चा वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा आहेच. उचलीच्या बदल्यात माणसाला अडकवून ठेवणं हा त्याखाली गुन्हा आहे. वनहक्काचा दावा मंजूर झाला की पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे द्यावा लागतो, हे २००६ च्या कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे. पाच टक्के अबंध निधी थेट ग्रामपंचायतीला येतो. आणि निम्म्या जागांवर तुम्ही बसला आहात.

मला ठाऊक आहे, हे कागदावर सोपं दिसतं. तुमच्यातल्या कितीतरी जणींच्या खुर्चीत नवरा बसतो, शिक्का त्याच्या खिशात असतो. ग्रामसेवक तुमच्याशी बोलायचं सोडून त्याच्याशीच बोलतो. कोरम होत नाही म्हणून सभा तहकूब होते आणि तहकूब सभेत चारपाच जण ठराव लिहून मोकळे होतात. मुकादम पुष्कळदा आपल्याच गावचा, आपल्याच भावकीतला असतो, त्यामुळे बोलायला जीभ उचलत नाही. भट्टीवर जाणं बंद करा असं मी म्हणत नाही. इथे काम नाही, भाताचं एक पीक निघालं की हात रिकामे. लोक भिवंडीला, वसईला, कल्याणला जाणारच. मी म्हणते ते एवढंच की ती माणसं कुठे गेली, कुणाकडे गेली, काय बोलून गेली, हे गावाला माहीत असावं.

सध्या ते कुणालाच माहीत नसतं. उचल तोंडी. हजार विटांमागचा दर तोंडी. हिशेब हंगामाच्या शेवटी, तोही मालकाच्या वहीतून, आणि आठवड्याची खर्ची वजा करून हातात काय उरतं ते मालक सांगेल तेवढं. उलट पैसेच निघाले तर पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच. वही एकाच्या हातात असली की काय होतं ते या मातीने एकदा पाहिलं आहे.

म्हणून गावाची स्वतःची वही हवी. साधी, शंभर पानी. त्यात घरातून कोण जातंय, बरोबर लहान मुलं किती, कुठल्या गावातल्या कुणाच्या भट्टीवर, मुकादम कोण, उचल किती, दर किती ठरला, एवढं लिहायचं. लिहिताना मुकादमाला समोर बसवायचं आणि त्याची सही घ्यायची. माणसं परत आल्यावर त्याच पानावर किती हजार विटा पाडल्या आणि किती मिळाले ते लिहायचं. नियमाप्रमाणे ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावीच लागते. ती खरोखर घ्या, पाड्यावर जाऊन, संध्याकाळी, पुरुष नसताना. भट्टीवर किती उचल घेतली हे पुरुष सांगेल, पण तिथे रात्री काय होतं, आजारी पडल्यावर सोडलं की नाही, हे बाईच सांगेल. ती लगेच सांगणार नाही. थांबा. गोदूताई थांबल्या होत्या.

एका पाड्यावर एका म्हाताऱ्या बाईने मला एकदा तिच्या सासूची गोष्ट सांगितली होती. सासू लग्न होऊन आली ती सावकाराच्याच घरी. झरीच्या सभेनंतर एके सकाळी ती सावकाराच्या अंगणात शेण सारवत होती. नवरा आला आणि म्हणाला, चल. ती शेणाचे हात घेऊनच निघाली. वाटेत ओहोळावर हात धुतले. सांगताना म्हातारीने स्वतःचे हात वर करून दाखवले, जणू तिचेच होते ते. मी विचारलं, आता तुमच्याकडचे कोण आहेत घरी? तिने सांगितलं, कुणी नाही, सगळी भट्टीवर.

८ तारखेला फोटोला हार घालाच. १० तारखेला मिरवणुकीतही जा. ज्या पक्षाच्या असाल त्या पक्षाच्या असा, जेठ्या गांगड सगळ्यांचे आहेत. पण त्याआधी २ तारखेच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. ठराव मोठ्या शब्दांत लिहायची गरज नाही. मी खाली मसुदा देते, तो तसाच उतरवून घेतलात तरी चालेल:

"या ग्रामसभेचा असा ठराव की, गावातून वीटभट्टी व इतर हंगामी कामासाठी बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाची नोंद ग्रामपंचायतीच्या वहीत पाडावार ठेवण्यात यावी. उचलीची रक्कम व कामाचा दर मुकादमाने या वहीत लिहून सही केल्याशिवाय गावात उचल वाटू नये. बरोबर जाणाऱ्या मुलांची यादी शाळेला द्यावी. हंगाम संपल्यावर प्रत्येक कुटुंबाच्या हिशेबाचं वाचन महिला सभेत करावं. कुणाला कर्जापोटी अडकवून ठेवल्याचं आढळल्यास सरपंचांनी तीन दिवसांत तहसीलदारांकडे लेखी तक्रार करावी. ठराव सर्वानुमते मंजूर."

वहीतले रकाने आखून द्यायला किंवा पाड्यावरच्या महिला सभेत लिहून घ्यायला कुणी हवं असेल तर निरोप द्या. माझं अक्षर चांगलं आहे आणि वेळही आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
डहाणू तालुका